राखीव लहरी : काळ्यांचे संगीत आणि कॉलेजची नभोवाणी

अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य आपण वाचले. त्यांचा आवाज मात्र आपल्याकडे फार उशिरा पोचला, आणि पोचला तेव्हा तो बाजाराच्या वेष्टनात गुंडाळलेला होता. डॉ. म. ना. वानखेडे साठीच्या दशकात अमेरिकेहून परतले आणि औरंगाबादच्या मिलिंद परिसरात रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे कानांवर पडू लागली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते १९६६ साली ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पार्टीचे. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने ही ओळख पुढे अधिक पक्की झाली. हा सारा व्यवहार कागदावरचा होता आणि त्याचे मोल कमी नाही. पण ज्या समाजाला गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांनी अक्षरओळख कायद्यानेच नाकारली होती, त्या समाजाने आपले पुष्कळसे म्हणणे कागदाबाहेर सांगून ठेवलेले आहे. ते शोधायचे तर चर्चमधल्या, शेतातल्या, तुरुंगातल्या गाण्यापाशी जावे लागते. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांपुरते बोलायचे तर एखाद्या कॉलेजातल्या नभोवाणी केंद्राच्या लहानशा खोलीपाशी जावे लागते.

रॅप संगीताचा इतिहास सांगण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील सेजविक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डी. जे. कूल हर्कने लावलेली मैफल, मग रस्त्यारस्त्यावरच्या आणि बागांतल्या मैफली, मग १९७९ सालची ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी, आणि मग कंपन्या, पैसा, कीर्ती. रस्ता आणि कंपनी यांच्यामध्ये काय होते, हे या कथेत फारसे येत नाही. त्या मधल्या जागेत होती ती विद्यार्थ्यांनी चालवलेली, कमी ताकदीची, जाहिरातींवाचूनची केंद्रे. ती केंद्रे हवेत कशी टिकली, हा प्रश्न संगीताचा नाही, राजकारणाचा आहे; म्हणून आधी तोच घेतो.

१९३४ साली अमेरिकेत दळणवळणाचा नवा कायदा होत होता. त्या वेळी वॅग्नर आणि हॅटफील्ड या दोन सिनेटरांनी एक दुरुस्ती मांडली : नभोवाणीच्या एकूण जागांपैकी २५ टक्के जागा शैक्षणिक, धार्मिक, कामगार आणि अशाच नफा न कमावणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवाव्यात. दुरुस्ती ४२ विरुद्ध २३ मतांनी पडली. व्यापारी कंपन्यांचे म्हणणे असे की, वेगळ्या जागा कशाला, आम्हीच सर्वांना वेळ देऊ. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. ज्याच्या हातात सगळे असते तो नेहमीच सर्वांना सामावून घ्यायला तयार असतो. वाटा मागितला की त्याला दुही दिसू लागते.

१९४५ साली मात्र एफ. एम. च्या नव्या पट्ट्यात १०० पैकी २० जागा शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आल्या : ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ. वाटा मिळाला तो का मिळाला, हेही पाहिले पाहिजे. त्या वेळी एफ. एम. चा पट्टा म्हणजे पडीक रान होते. फार थोड्या घरांतल्या संचांवर तो लागे. आपल्याकडे भूमिहीनाला जमीन द्यायची झाली की गावचे गायरान किंवा खडकाळ माळ दाखवतात, त्यातलाच हा प्रकार. या एफ. एम. चा जनक एडविन आर्मस्ट्राँग हा कोलंबिया विद्यापीठाचा. ज्या १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले, त्याच वर्षी हा तिथून पदवीधर झाला. त्याच १९४५ च्या निर्णयाने एफ. एम. ची जुनी जागा बदलून नवी दिली आणि आर्मस्ट्राँगने उभी केलेली केंद्रे व विकले गेलेले संच निकामी झाले. बड्या कंपनीशी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या करून थकलेल्या या माणसाने १९५४ साली आत्महत्या केली. पडीक रानालाही असा इतिहास असतो.

१९४८ साली अवघ्या १० वॅट शक्तीच्या शैक्षणिक केंद्रांना परवाने मिळू लागले. घरातला दिवा तेव्हा यापेक्षा जास्त वीज खाई. पण एवढ्या शक्तीवर दोन-चार मैलांचा टापू ऐकू शके, आणि खर्च लहान कॉलेजाला झेपण्यासारखा होता. विद्यार्थ्यांची हौस तर जुनीच होती. १९३६ साली ब्राउन विद्यापीठातल्या पोरांनी वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून तारा ओढून आपले केंद्र चालवले होते. आता त्यांना आकाश मिळाले.

या रानात पहिले पीक काढले ते गोऱ्या विद्यार्थ्यांनी. अभिजात संगीत, व्याख्याने, जाझ. सत्तरीत रॉक, आणि दशक संपता संपता पंक व त्यापुढचे नाना तऱ्हेचे प्रयोग. न्यू जर्सीतील अप्साला कॉलेजचे डब्ल्यू. एफ. एम. यू. हे केंद्र अशा चमत्कारिक, विक्रीला निरुपयोगी संगीताचे माहेरघर झाले. १९७८ साली लाँग आयलंडवर ‘कॉलेज मीडिया जर्नल’ निघाले आणि कोणत्या कॉलेजात काय वाजते याच्या याद्या छापून येऊ लागल्या. ज्याला भूमिगत संगीत म्हणत त्याची ही पेठ होती. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जागा राखीव होत्या त्या ‘शिक्षणा’साठी, काळ्यांसाठी नव्हे. शिक्षणसंस्थेत जो असेल तोच त्या जागेवर बसणार. काळी मुले गोऱ्या कॉलेजांत बऱ्यापैकी संख्येने आली ती साठीच्या अखेरच्या लढ्यानंतर. १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी जवळपास पाच महिने संप केला, तेव्हा कुठे काळ्यांच्या इतिहासाला विषय म्हणून जागा मिळाली. ध्वनिक्षेपकापर्यंतची वाट प्रवेश-अर्जाच्या खिडकीवरून जात होती.

आता लाँग आयलंडवर जाऊ. न्यूयॉर्कच्या पूर्वेला पसरलेले हे लांबट बेट. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांसाठी इथे १९४७ पासून लेव्हिटटाउन वसवले गेले. त्याच्या करारपत्रांत गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये अशी अट होती. काळ्यांच्या वाट्याला हेंपस्टेड, रूझवेल्ट, फ्रीपोर्ट अशी गावे आली. काळे कुटुंब आले की गोरी कुटुंबे घरे विकून निघून जात. हेंपस्टेडला अगदी खेटून गार्डन सिटी हे श्रीमंत, गोरे गाव आहे. मधे वेस नाही की कूस नाही, पण हद्द कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही : काउंटीच्या जागेवर अल्प उत्पन्नवाल्यांची घरे होऊ नयेत म्हणून गार्डन सिटीने जमीन-वापराचे नियम बदलले त्यामागे वांशिक भेदाचा हेतू होता, असा निष्कर्ष संघीय न्यायालयाने २०१३ साली काढला.

या गार्डन सिटीत अडेल्फी विद्यापीठ आहे आणि त्याचे विद्यार्थी-केंद्र होते डब्ल्यू. बी. ए. यू., ९०.३ मेगाहर्ट्झ, म्हणजे राखीव पट्ट्यातलेच. हद्दीपलीकडची मुले शिकायला या गावात येत. हेंपस्टेडचा बिल स्टेफनी त्यांपैकी एक. रूझवेल्टचा कार्लटन रायडनहावर दुसरा. तो ग्राफिक डिझाइन शिकत होता आणि पुढे चक डी या नावाने जगाला माहीत झाला. सत्तरीच्या सुरुवातीला, शाळकरी वयात, तो काळ्यांच्या इतिहासावरच्या उन्हाळी वर्गांना गेला होता. शिकवणाऱ्यांत ब्लॅक पँथरमधली माणसे होती, हे त्याने स्वतः सांगितले आहे. पँथर संपली तिचे पुढे काय झाले, असे आपण विचारतो. त्याचे एक उत्तर या पोरांत आहे. अडेल्फीत आंद्रेई स्ट्रोबर्ट नावाचे जाझ तालवादक काळ्या संगीताचा इतिहास शिकवीत. केंद्रावर जमलेल्या मंडळींपैकी अनेकजण त्यांच्या वर्गात बसलेले होते. शिक्षकवाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्या पोरांपुढे ताल आणि इतिहास एकाच फळ्यावर मांडणारा हा माणूस होता.

रूझवेल्टमध्ये हँक आणि कीथ शॉक्ली हे भाऊ ‘स्पेक्ट्रम सिटी’ नावाचा डी. जे. चा ताफा चालवीत. कर्णे, तबकड्यांची यंत्रे, गाडी. कुणाच्या सभागृहात, कुणाच्या समारंभात वाजवायचे. आपल्याकडे जयंतीला मंडप आणि कर्णेवाला असतो तसा हा स्वयंरोजगार. चक डी त्यांची पत्रके काढून देई, मग निवेदन करू लागला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी स्टेफनी केंद्राचा कार्यक्रम-प्रमुख झाला आणि त्याने शनिवारची रात्र या ताफ्याच्या हवाली केली. ताफ्यातले सगळेच काही त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. मला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. खुर्ची मिळालेल्या एकाने दार उघडे ठेवले आणि वस्तीतले लोक आत आले. विल्यम ड्रेटन हा फ्लेव्हर फ्लेव्ह नावाने गाजलेला वल्लीही असाच आत शिरला आणि स्वतःचा कार्यक्रम करू लागला.

पण वाजवायचे काय? त्या काळी रॅपच्या तबकड्या निघत होत्या त्या मोजक्याच; रात्रभराचा कार्यक्रम भरेल एवढा माल बाजारात नव्हता. मग या मंडळींनी तो स्वतः तयार करायला घेतला. हेंपस्टेडमधल्या आपल्या जागेत ते आसपासच्या गावांतल्या पोरांना बोलावीत, त्यांचे बोल ध्वनिफितीवर घेत आणि आठवड्याअखेर केंद्रावरून लावीत. ज्याची तबकडी कोणी काढणार नाही असा रूझवेल्टचा पोरगा शनिवारी रात्री आपलाच आवाज शेजारच्या घरातून ऐके. क्वीन्समधल्या हॉलिसचे रन-डी. एम. सी. हे तिघे १९८३ साली आपली पहिली तबकडी घेऊन बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या मुलाखतींपैकी एक याच केंद्रावर झाली. प्रयोगशीलता हा शब्द समीक्षेत फार सैल वापरला जातो. इथे प्रयोग गरजेतून आला होता. वाद्ये नाहीत, वादक नाहीत, तबकड्या मात्र घरोघर आई-बापांनी जमवलेल्या. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदाच्या तबकडीतला चार-दोन क्षणांचा तुकडा घ्यायचा, तो पुन्हा पुन्हा जोडायचा, त्याच्यावर दुसरा चढवायचा, वर गोंगाट, भोंगे, भाषणाचा तुकडा. आणि त्या भिंतीसमोर उभे राहून बोलायचे. गोऱ्या कॉलेजांतले प्रयोगवादी संगीत आणि हे संगीत एकाच राखीव पट्ट्यावर शेजारी शेजारी वाढले. गोंगाटालाही अर्थ असतो हे दोघांनीही दाखवले. एकाने हौसेने, दुसऱ्याने दुसरा उपाय नव्हता म्हणून.

व्यापारी केंद्रे त्या वेळी काय करीत होती? गोऱ्यांची केंद्रे दूरच राहोत, काळ्यांच्या मालकीच्या केंद्रांनाही रॅप नकोसा होता. जाहिरातदार हवा होता तो पगारदार, प्रौढ श्रोत्यांचा. त्यांना गुळगुळीत गाणी ऐकवायची, रस्त्यावरच्या पोरांचा आरडाओरडा नव्हे. मिस्टर मॅजिक हा निवेदक आधी डब्ल्यू. एच. बी. आय. या केंद्रावर वेळ भाड्याने घेऊन रॅप लावीत असे. १९८२ साली काळ्यांच्या मालकीच्या डब्ल्यू. बी. एल. एस. ने त्याला घेतले, तेही आठवड्याअखेरच्या रात्रींपुरते. पुढेही कित्येक काळ्या केंद्रांनी दिवसा रॅप टाळला, काहींनी ‘आमच्याकडे रॅप नाही’ अशी जाहिरातसुद्धा केली. आपल्या चळवळीत ‘दलित ब्राह्मण’ हा शब्द रागाने वापरला गेला. त्या रागाची जात तिथेही ओळखीची आहे. वस्तीतून वर गेलेल्याला वस्तीचा आवाज सर्वांत आधी कर्कश वाटू लागतो.

दर्जाच्या नावाने आवाज गाळण्याचा धंदा आपल्या आकाशवाणीनेही केला. १९४० पासून १९७१ पर्यंत तिथे पेटीला मज्जाव होता. जलशांची, भजनांची, तमाशाची साथ करणारी ही पेटी भारतीय स्वरांना परकी ठरली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी सिनेमाच्या गाण्यांवरही संक्रांत आणली. लोकांनी संचाची कळ फिरवली आणि सिलोन लावले. वामनदादा कर्डकांची गाणी मात्र कुठल्याच संचावरून पसरली नाहीत. ती तोंडातोंडी, मंडपामंडपातून आणि पुढे कॅसेटवरून गावोगाव गेली.

अडेल्फीच्या केंद्रासाठी १९८४ च्या सुमारास चक डी ने एक ध्वनिफीत तयार केली : केंद्राची जाहिरात आणि स्थानिक प्रतिस्पर्ध्याला उत्तर, असा तिचा साधा हेतू. तिचे नाव ‘पब्लिक एनिमी नंबर वन’. ही फीत रिक रूबिनच्या कानी गेली. हाही न्यूयॉर्क विद्यापीठाचा विद्यार्थी. आपली डेफ जॅम कंपनी त्याने वसतिगृहाच्या खोलीतून सुरू केलेली. चक डी बराच काळ तयार होईना. अखेर १९८६ साली करार झाला, १९८७ मध्ये ‘पब्लिक एनिमी’ या संघाची पहिली मोठी तबकडी निघाली, १९८८ मध्ये दुसरी, आणि १९८९ साली स्पाइक लीच्या चित्रपटातून ‘फाइट द पॉवर’ जगभर गेले. स्टेफनी तोवर डेफ जॅममध्ये आला होता. म्हणजे रूझवेल्ट-हेंपस्टेडच्या पोरांनी शनिवारच्या रात्री जे घडवले तेच पुढे कारखान्यात गेले.

या मंडळींना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. १९८९ साली त्यांच्यातल्या प्रोफेसर ग्रिफने ज्यूंविषयी द्वेषाची विधाने केली आणि संघाला त्याला दूर करावे लागले. एका तुडवल्या गेलेल्या समाजाने दुसऱ्याविषयी असे बोलावे, हे क्लेशकारक आहे. त्याला संतापाचे पांघरूण घालू नये. आणि त्या खोलीतला ध्वनिक्षेपक बहुतेक वेळा पुरुषाच्याच हाती होता. हेंपस्टेडच्या मुली त्या शनिवारी काय ऐकत होत्या, त्यांना काय बोलायचे होते, याची नोंद इतिहासात फार कमी सापडते. आपल्या शाहिरीच्या इतिहासातही ही पाने कोरीच आहेत.

दुसरे केंद्र कोलंबियाचे : डब्ल्यू. के. सी. आर., ८९.९. कोलंबिया टेकडीवर आणि हार्लेम पायथ्याशी. १९६८ साली विद्यापीठाने मधल्या मॉर्निंगसाइड बागेत व्यायामशाळा बांधायला घेतली. विद्यापीठाच्या लोकांना वरचे दार, हार्लेमच्या लोकांना खालचे दार आणि आतली थोडीशी जागा. वरचे दार, खालचे दार : ज्यांनी देवळाच्या पायरीबाहेर उभे राहून दर्शन घेतले आहे त्यांना हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, काळ्या विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल स्वतंत्रपणे धरून ठेवला, आणि विद्यार्थ्यांच्या केंद्राने ते सारे थेट ऐकवले. ती व्यायामशाळा त्या जागी झाली नाही.

याच केंद्रावर १९९० पासून १९९८ पर्यंत दर गुरुवारी मध्यरात्रीनंतर एक ते पाच या वेळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो या दोघांचा कार्यक्रम चाले. एक गोरा, दुसरा पोर्तो रिकन वंशाचा. दिवसाचे तास जाझ आणि अभिजात संगीताचे. रॅपच्या वाट्याला चोरांची वेळ. पण जाहिरात नाही म्हणून यादी नाही, यादी नाही म्हणून कोणाला विचारायचे नाही. करार नसलेले पोरगे खिशात फीत घालून येई आणि तिथल्या तिथे बोलून दाखवी. नॅस, जे-झी, नोटोरियस बी. आय. जी., वू-टँगची मंडळी हे सारे मोठे होण्याआधी त्या खोलीत येऊन गेले. तुरुंगातले कैदीही हा कार्यक्रम ऐकत. घरोघर पोरे कॅसेट लावून झोपी जात, आणि सकाळी तिच्या प्रती हातोहात फिरत. त्या कार्यक्रमांचा मोठा भाग आज उपलब्ध आहे तो श्रोत्यांच्या या कॅसेटमुळे.

पडीक रानाचे पुढे काय झाले? सत्तरीच्या अखेरीस एफ. एम. चे श्रोते वाढले, रान बागायती झाले, तसे दावेदारही आले. १९७८ साली संघीय आयोगाने नियम केला की १० वॅटच्या केंद्रांनी शक्ती १०० वॅटवर न्यावी, नाहीतर त्यांच्या जागेला संरक्षण राहणार नाही. मागणी होती ती सार्वजनिक प्रसारणाच्या महामंडळाची, म्हणजे सुशिक्षित, सुव्यवस्थित, राष्ट्रीय दर्जाच्या नभोवाणीची. जो पैसा उभा करू शकला तो टिकला. १९९५ साली अप्साला कॉलेज बंद पडले, पण त्याआधीच केंद्र चालवणाऱ्यांनी आपली संस्था काढून परवाना विकत घेतला होता, डब्ल्यू. एफ. एम. यू. त्यामुळे वाचले. त्याच १९९५ साली अडेल्फी विद्यापीठाने डब्ल्यू. बी. ए. यू. बंद केले. परवाना विद्यापीठाच्या नावावर होता. ज्यांनी केंद्राला नाव मिळवून दिले त्यांचे त्या कागदावर काहीच नव्हते.

आणि योगायोग असा की, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तेही साल १९९५. त्यानंतर २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना केंद्रे काढण्याची मुभा मिळाली, २००४ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही दार उघडले. मात्र त्या धोरणात बातम्यांना मनाई होती. गाणे म्हणा, शेतीचे सांगा, आरोग्याचे सांगा. काल रात्री वस्तीवर काय झाले ते सांगू नका.

पब्लिक एनिमीची १९९० सालची तबकडी आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत आहे. ९०.३ ही जागाही रिकामी नाही. गार्डन सिटीतल्याच दुसऱ्या एका कॉलेजचे केंद्र आता तिथे लागते.